राखलेला डाव

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की धामणदे गावात दोन प्रकारच्या माणसांची झोप उडायची. एक सालदार, दुसरा वस्ताद. सालदाराचं साल आखाजीला संपतं हे खानदेशात शेंबडं पोरही सांगेल. मालकाने नव्या सालाचा विडा हातावर ठेवला तर बैलजोडी तीच आणि मळा तोच. नाही ठेवला तर घोंगडी खांद्यावर टाकून दुसरं गाव बघायचं. पण तालमीच्या वस्तादालाही त्याच दावणीला बांधायची अक्कल धामणद्याच्या कुठल्या पूर्वजाला सुचली होती, देव जाणे. बैल हाकणं आणि माणूस घडवणं यांत त्याला काही फरक दिसला नसावा.

हिलाल वस्तादाने असे पुष्कळ विडे घेतले होते. राहायला तालमीमागची खोली, घरोघरच्या खळ्यावरून ज्वारी, पाटलाच्या गोठ्यातून दूध. बदल्यात गावाचं मागणं एकच होतं: चैत्राच्या यात्रेत शेवटची कुस्ती धामणद्याच्या पोराने मारावी. आणि गेली तीन वर्षं नेमकी तीच काही केल्या मारली जात नव्हती. पहिल्या वर्षी गाव म्हणालं, होतं असं. दुसऱ्या वर्षी कोणी काही म्हणालं नाही, ते जास्त वाईट. आणि फैजपूरला काँग्रेस भरली त्याच्या पुढच्या चैत्रात हिलालचा सगळ्यांत तयार पठ्ठा, चुडामण, पुन्हा सोनगीरच्या धनसिंगाखाली चीत झाला. तोही कुठल्या डावावर? ढाकेवर! समोरच्याचा हात काखेत आवळून त्याला कमरेवरून फेकायचं, ही ढाक म्हणजे हिलाल वस्तादाची ओळख. धनसिंगाने तीच मारली, वर मनगटाला एक अशी मुरड दिली, जी धामणद्यात कोणी कधी पाहिली नव्हती.

झालं. परतीच्या गाड्यांत निंबा नानाला तोंड फुटलं. निंबा नाना म्हणजे गावातला जुना पहिलवान. त्याने उभ्या आयुष्यात एकच नाव घेण्यासारखी कुस्ती मारली होती आणि ती तो रोज मारायचा, पारावर बसून.

"दखं ना?" नाना म्हणाला. "हाऊ धनसिंग ल्हानपने आपलाच गावमां मावशीकडे ऱ्हाये. तालीमना वट्टावर बसे. वस्तादनी तेले हाक मारीसन मजार लिधं, माटी लावी, शिकाडं. आते समजनं का? अस्सल माल सोनगीरले दिधा नि आपला पोरेसले भुसा. वस्तादनी एक डाव राखेल शे."

वस्ताद सगळं देतो पण एक डाव राखून ठेवतो, हे काही नानाने शोधून काढलेलं नव्हतं. ही समजूत तालमीच्या मातीइतकी जुनी. उद्या पठ्ठाच उलटला तर काय, म्हणून वस्तादाने एक कुलूप स्वतःकडे ठेवायचं. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. वावगं इतकंच, की ते कुलूप शेजारच्या गावाला उघडून द्यावं. गाडी गावात पोचेपर्यंत संशयाचं ठाम मत झालं होतं.

धनसिंगाला शिकवलं होतं हे खरं. दारात पोर उभं राहिलं तर त्याचं गाव विचारायचं हे हिलालला सुचलंच नव्हतं. मनगटाची ती मुरड मात्र धनसिंगाची स्वतःची होती. हिलालने ती पाहिली तेव्हा त्याच्या तोंडून आधी "वा!" निघालं आणि मग चीत पडलेला चुडामण दिसला. ते "वा" शेजारी बसलेल्या चार जणांनी ऐकलं, तेही त्याला भोवलं.

आता या माणसाने खरंच काही राखलं नव्हतं का? नव्हतं. आणि त्याला कारण होतं.

हिलाल मूळचा शिंदखेड्याकडचा. मिसरूड फुटायच्या आत तो धुळ्याला पंडित वस्तादाच्या तालमीत जाऊन पडला. पंडित वस्तादाचा एक डाव असा होता की तो पाहिला म्हणणारे पुष्कळ, पण कसा मारला हे सांगू शकणारा एकही नाही. त्या डावासाठी हिलालने वस्तादाचं अंग रगडलं, आखाड्याची माती खणली, त्यात ताक नि हळद कालवली, हौदात पाणी भरलं. वस्ताद म्हणायचे, "दम धर. तुलेच देसू." हिलालने दम धरला. मग मानमोडीची साथ आली. धुळ्यातल्या गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या, पंडित वस्ताद खाटेला खिळले आणि तापात एकदा त्यांनी हिलालला जवळ बोलावलं. जीभ उचलत नव्हती. त्यांनी हात वर केला, बोटं वाकडी केली, हवेत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि हात खाली पडला.

त्या वाकड्या बोटांवरून डाव ओळखण्यात हिलालची कितीतरी वर्षं गेली. जमलं नाही. एवढा मोठा डाव चितेवर लाकडांबरोबर जळून गेला, कोणाच्याच कामी आला नाही. त्या राखेसमोर त्याने शपथ घेतली होती, की आपल्याला जे येतं ते सगळं द्यायचं, मागेल त्याला द्यायचं, हातचं काही ठेवायचं नाही. शपथ चांगलीच होती. पण चांगल्या शपथेने गावाची कुस्ती जिंकली जातेच असं नाही. तुमचे सगळे डाव शेजाऱ्यालाही ठाऊक असले तर उलट हरली जाते. हे हिलालला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच तो गावावर धड रागावूही शकत नव्हता.

आखाजीच्या आदल्या दिवशी त्याला चावडीवर बोलावणं आलं. भाईदास पाटील, गावाचे आबा, लोडाला टेकून बसले होते. माणूस वाईट नव्हता. पण तीन यात्रांत खाली मान घालून घरी आलेला पाटील होता.

"वस्ताद," आबा म्हणाले, "गावना मनमां किल्मिष शे. तुम्हीन डाव राखेल शे आसं बठ्ठं गाव म्हनस."

"काहीच राखेल नही, आबा. मारोतीनी आन."

"आननं काय करू? यात्रामां आन लढस का?" लोक हसले. आबा हसले नाहीत. "दखा, वस्तादनी एक डाव राखना तर ती काही चोरी नही. आमले फक्त तो जोयजे. सकाय आखाजीले, दुपारनं, चुडामणसंगे माटीमां उतरा. राखेल डाव निंघना, तर तो पोरेसले शिकाडाकरता आवंदानं साल धरं समजा. मना शबद."

"आनं नही निंघना तर?"

आबांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. "तर मंग पोरेसले देवाले तुमनापान काय उरनं, वस्ताद? रिकामं भांडं चुल्हावर कसाले ठेवो?"

हिलाल बाहेर आला. पेच असा पडला होता की पंडित वस्तादांनाही सुटला नसता. चुडामणला पाडलं, तर गाव म्हणणार, निघाला राखलेला डाव. साल मिळेल, पण डाव लपवणारा वस्ताद म्हणून, चितेसमोर घेतलेली शपथ मोडणारा म्हणून. आणि चुडामणने त्याला पाडलं, तर तो खरा ठरणार आणि बेघरही होणार. पठ्ठ्याने पाडलेल्या, गावाने काढलेल्या, चाळिशी उलटलेल्या वस्तादाला कोण विचारतं? धुळ्याच्या जिनात कापसाच्या गठाणी उचलायला तेवढं घेतील.

आखाजीची सकाळ उजाडली. भिकुबाईने, हिलालच्या बायकोने, दोन घागरी पाण्याने भरून पाटावर मांडल्या. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. एक हिलालच्या बापाची होती. दुसरी दरवर्षी पंडित वस्तादाची. तिने दोन्हींवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पुरणपोळी वाढली, आणि हिलालने विस्तवावर घास टाकला की लगेच बोलली. रात्रभर तिने ते तोंडात धरून ठेवलं असावं.

"आज जिती ल्या तुम्ही."

"आनं मंग?"

"मंग काय? एखादा जुनाच डाव जरा वाकडा करीसन मारा नि म्हना, हाऊच तो. चुडामण काही आडमुठा नही. तो तुमनाकरता पडी जाई."

"चोर ठरसू मी."

"चोर तर चोर! चोरले बी घर ऱ्हास." तिचे डोळे भरून आले, पण आवाज खाली आला नाही. "तुमना वस्तादनी राखं, तरी तेस्नी घागर आज भरी ना आपुन? तुम्हीन काहीच राखं नही. आपले ना पोऱ्या ना पोरगी. जिनमां मरशात, तर तुमनी घागर कोन भरी?"

बायको खोटं बोलत असती तर तिच्यावर ओरडता आलं असतं. तो उठला आणि लंगोट शोधायला लागला, जो त्याच्या समोरच दोरीवर होता.

आखाजीचे दिवस म्हणजे पुरुषांनी पत्ते कुटायचे आणि बायकांनी झोके घ्यायचे. पारावरचा डाव मोडून आखाजीला कोणी उठल्याचं धामणद्यात कोणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी उन्हं कलली आणि एकेक जण हातातले पत्ते पालथे टाकून तालमीकडे निघाला. निंबाच्या झाडांवरचे झोकेसुद्धा थांबले. माहेरी आलेल्या पोरी तालमीच्या मागच्या भिंतीशी, भिकुबाईच्या खोलीपाशी गोळा झाल्या. निंबा नाना सगळ्यांच्या पुढे, काठी टेकून, जणू स्वतःचीच कुस्ती होती.

चुडामण आधीच मातीत उभा होता. रुंद छातीचा, जोंधळ्याच्या ताटासारखा सरळ वाढलेला गडी. पण चेहरा असा पडलेला की प्रेताला खांदा द्यायला आलाय वाटावं. त्याने वाकून वस्तादाच्या पायाला हात लावला. हात गार होता. एवढ्या वैशाखात.

आबांनी दोघांचे हात हातांत दिले आणि बाजूला झाले.

पहिली पकड झाली आणि हिलालला सगळं कळलं. माणूस डोळ्यांनी खोटं बोलेल, तोंडाने बोलेल, पण मानेवर ठेवलेला त्याचा हात खोटं बोलू शकत नाही. चुडामणचा हात मऊ होता. तो रेटत होता तो दिसायला. पाय मागे घेत होता तेही दिसायलाच. हिलालने सहज पट काढायला हात घातला तर पोराने मांडी आपणहून पुढे दिली.

तो पडायला आला होता. वस्तादाचं साल वाचवायला.

हिलाल त्याला घेऊन गुडघ्यावर आला. बघणाऱ्यांत "हां!" झालं. निंबा नानाची काठी वर गेली. चुडामण खाली होता, हिलाल वर, आणि आता फक्त एक खांदा दाबायचा होता. तेवढं केलं की झालं. खोली राहणार होती. भिकुबाईचा पाटा-वरवंटा जागचा हलणार नव्हता. ही माती, जी त्याने स्वतः खणली, जिच्यात स्वतः ताक ओतलं, ती त्याची राहणार होती. हिलालचा हात त्या खांद्यावर गेला. गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याने दाबलाही. पोराचा खांदा मातीकडे झुकत चालला आणि हिलालला त्याच्या मानेवरचा घाम दिसला, अगदी जवळून, आणि खाटेवरून उचललेला तो वाकडा हात आठवला. आयुष्यभर आपण ज्याच्या नावाने मनातल्या मनात रडलो, त्याच्याच रांगेत आता जाऊन बसायचं?

"चुडामण," तो त्याच्या कानाशी म्हणाला. दात आवळलेले होते. "माले चोर ठरावनं शे का तुले?"

"वस्ताद, साल जाई तुमनं."

"साल जाऊ दे. बठ्ठं दिधं तुले मी. बठ्ठं. आते ते दखाड. नही दखाडं तर मी तुना वस्ताद नही."

त्याने खांदा सोडला.

चुडामण उठला तो रडत उठला. आणि रडतच त्याने मानेवर हात ठेवला. या खेपेला तो हात खरा होता. हिलालला पहिल्याच झटक्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने पट अडवला, मोळी सोडवली, दोनदा निसटला. हातचं न ठेवता लढायचं तर दोघांनीही, म्हणून जीव तोडून लढला. पण वय झालं होतं आणि समोर त्याचाच सगळा हुन्नर तरण्या अंगात उभा होता. चुडामणने त्याचा हात काखेत आवळला. हिलालला पुढचं माहीत होतं. त्यानेच शिकवलं होतं. माहीत असून काही करता येत नाही, अशीच त्याने ढाक शिकवली होती. आकाश एकदा खाली आलं, निंबाची झाडं उलटी झाली आणि पाठ मातीला लागली. दोन्ही खांदे. नीट.

भिंतीमागून भिकुबाईचा हुंदका तेवढा सगळ्यांना ऐकू आला.

भाईदास आबांनी वट्ट्यावर आणून ठेवलेल्या ताटातला नव्या सालाचा विडा उचलला. "वस्ताद, गाव चुकनं," ते म्हणाले. "तुम्हीन काहीच राखेल नव्हतं. मी बठ्ठासमोर म्हनस." ते चुडामणकडे वळले. "पन मना शबदबी बठ्ठासमोरच दिधेल शे. तुमनापान आते देवाले काही उरनं नही. पोऱ्या तयार व्हयी गया. आवंदानी तालीम चुडामण सांभाळी." आणि त्यांनी विडा चुडामणपुढे धरला.

चुडामणने हात मागे घेतले. पाटलाने उचललेला विडा ताटात परत ठेवला तर ते साल गावाला लाभत नाही असं म्हणतात, म्हणून आबांचा हात तसाच पुढे राहिला.

हिलाल अंगाची माती न झटकता उठला. खरं सांगायचं तर पोराने विडा घेऊ नये असं त्याला आतून वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती. शिवाय राग आला होता. गावाचा, आबांचा, शपथ घेणाऱ्या स्वतःच्या त्या कोवळ्या तोंडाचा.

"ले," तो चुडामणला म्हणाला. "लाज नको धरू, गावनं काम शे. फक्त मनं एक आयक. मी जशी चुकी करी, तशी तू नको करू. एक डाव राखी ठेव."

चुडामणने नाकाडोळ्यांवरची माती मनगटाने पुसली. हिशेबी पोर नव्हतं ते, मनात आलं तेच बोललं.

"कसा राखू? राखानं तुम्हीन माले शिकाडंच नही, वस्ताद."

आणि मग निंबा नानाची काठी धाडकन जमिनीवर आपटली.

"निंघना!" म्हातारा ओरडला. "निंघना का नही? मी यात्रापशी बोंबली ऱ्हायनू, एक डाव राखेल शे! हाऊ दखा! पोऱ्यानी सोताना तोंडघाई सांगं, एक गोट वस्तादनी शिकाडेल नही!"

आधी कोणी तरी मागून फिसकन हसलं. मग पत्तेवाले हसले, मग भिंतीवरून पोरी. नाना मात्र गंभीर होता. त्याला आपण जिंकलो एवढंच कळत होतं, आणि आयुष्यातली दुसरी कुस्ती मारल्याचं तेज त्याच्या तोंडावर आलं होतं. भाईदास आबा हसता हसता थांबले. त्यांनी चुडामणकडे पाहिलं, हिलालकडे पाहिलं, हातातल्या विड्याकडे पाहिलं.

"राखेल डाव निंघना तर साल धरसूत," ते सावकाश म्हणाले, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखे. "आसंच म्हनेल व्हतं ना मी?"

"आसंच!" गाव म्हणालं.

"मंग शबद तो शबद. वस्ताद, आवंदा पोरेसले एवढंच शिकाडा. शेजारना गावले बठ्ठं सांगानं नही. राखानं." आणि त्यांनी विडा हिलालच्या मातीने भरलेल्या हातावर ठेवला. चुडामण तिथेच मटकन खाली बसला आणि आता मोठ्याने रडायला लागला. त्याला कोणी हसलं नाही.

हिलाल खोलीत आला तेव्हा भिकुबाईने बांधलेली वाकळ सोडून पुन्हा खाटेवर टाकली होती. गाठोड्यातून पाटा-वरवंटा बाहेर काढून जागेवर ठेवला होता. तिने त्याच्यापुढे सांजोऱ्या आणि आमरस ठेवला आणि समोर बसली. विडा अजून त्याच्या मुठीत होता. खायचं तो विसरला होता. पाटावर दोन्ही घागरी तशाच होत्या, पंडित वस्तादाच्या घागरीवरचं डांगर उन्हाने जरा मऊ पडलं होतं.

"मंग?" भिकुबाईने विचारलं. "शिकाडशात ना आते राखानं? का परत आपलं तेच?"

हिलाल त्या घागरीकडे बघत होता. तालमीतून पोरांचा आवाज येत होता, चुडामण कोणाला तरी ढाक दाखवत होता, आणि वट्ट्यावर एक अनोळखी पोरगं बसून बघत होतं, कुठल्या गावचं कोण जाणे.

"नही," तो म्हणाला आणि त्याने विडा तोंडात टाकला. "हाऊ एकच डाव मी राखी ठेवसू."